दोन आडनावांचे शोधनिबंध

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. माहेर सेनगाव तालुक्यात, सासर वसमतकडे. माहेरी मी गावंडे, सासरी कदम. आमच्याकडे बहुतेक बायकांचं असंच असतं, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मलाही कधी वाटलं नव्हतं. पण माझे सुरुवातीचे शोधनिबंध गावंडे नावानं निघाले आणि नंतरचे कदम नावानं. पदोन्नतीची फाईल गेली तेव्हा मला विचारण्यात आलं, या गावंडे कोण? तिथून पुढे काय झालं आणि ते कसं निस्तरलं, हे संशोधनाकडे वळणाऱ्या मुलींच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

सुरुवात सोयाबीनपासून झाली. मी लहान असताना आमच्या शेतात ज्वारी, कापूस, मूग, तूर असायची. मग हळूहळू सगळा खरीप सोयाबीनचा झाला. घरात पोती पडलेली असायची. आई कोंबड्यांना मूठभर कच्चं सोयाबीन भरडून टाकायची. ताकदीचं धान्य आहे, कोंबड्या चांगल्या भरतील, असा तिचा हिशेब. त्या काही भरायच्या नाहीत. एम.एस्सी.ला नांदेडला गेले तेव्हा त्याचं कारण वर्गात कळलं. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन रोधक असतात. ट्रिप्सिन म्हणजे प्रथिनं पचवणारं विकर. ते स्वादुपिंडातून आतड्यात येतं. रोधक त्याला चिकटतो आणि त्याचं काम बंद पाडतो. खाल्लेलं प्रथिन नीट पचत नाही, आणि स्वादुपिंडावर उगाच जादा विकर तयार करण्याचा ताण पडतो. अमेरिकेत मोझेस कुनिट्झ यांनी 1945 साली सोयाबीनमधला असा एक रोधक शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळा केला होता. सर फळ्यावर हे लिहीत होते आणि मला अंगणातल्या कोंबड्या दिसत होत्या. पीएच.डी.ला मी तोच विषय घेतला. आपल्या कडधान्यांमधले ट्रिप्सिन रोधक, आणि भिजवल्या-शिजवल्यावर त्यांचं काय होतं.

प्रयोगशाळा साधी होती. ट्रिप्सिन महाग आणि नाजूक. साध्या पाण्यात विरघळवून ठेवलं तर ते स्वतःलाच पचवू लागतं, म्हणून अगदी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात आणि थंड ठेवावं लागतं. मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यात, वीज कधी जाईल याचा भरवसा नसताना, हे सोपं नव्हतं. मी बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा आणून थर्माकोलच्या खोक्यात फोडून ठेवायची. इन्व्हर्टरवर फ्रीज चालवायचा नाही, असा आमच्याकडे नियम होता. तो बदलून घेण्यात बराच काळ गेला. आधी विकर वाचवायची सोय करा, मगच प्रयोग मांडा, हे मी आता प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.

प्रयोग मात्र बघायला फार सुंदर आहे. बापना नावाचं एक रसायन असतं. त्याचं द्रावण जवळपास रंगहीन असतं. त्यात ट्रिप्सिन घातलं की ते बापना तोडतं आणि द्रावण पिवळं होऊ लागतं. हळदीच्या पाण्यासारखा पिवळा रंग. एका नळीत नुसतं ट्रिप्सिन. दुसरीत ट्रिप्सिन आणि कच्च्या सोयाबीनचा अर्क. तिसरीत ट्रिप्सिन आणि शिजवलेल्या सोयाबीनचा अर्क. तिन्ही नळ्या 37 अंशांच्या पाण्यात ठेवायच्या. थोड्या वेळानं पहिली पिवळी, तिसरी पिवळी, आणि मधली तशीच फिकट. रोधक शिजवल्यानं गेला, हे कुणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसतं. सगळा जात नाही, थोडा टिकून राहतो. सोयाबीनमध्ये बोमन-बर्क नावाचा एक लहानसा रोधक आहे, त्याच्या रेणूत गंधकाचे सात बंध असतात, त्यामुळे तो उष्णतेला चिवट असतो. पण व्यवस्थित उकळलं तर बराचसा धोका टळतो.

याच कामासाठी आधीचं संशोधन वाचताना मला एक संदर्भ भेटला. भारतीय खाद्यपदार्थांतले ट्रिप्सिन रोधक, या विषयावर सोहोनी आणि भांडारकर यांचे निबंध, 1954-55 च्या आसपासचे, जर्नल ऑफ सायंटिफिक अँड इंडस्ट्रियल रिसर्चमध्ये. एक भाज्यांवर, एक डाळींवर. कुनिट्झ यांचं काम होऊन दहा वर्षंही झाली नव्हती, आणि मुंबईत कुणीतरी तोच प्रश्न आपल्या स्वयंपाकघरातल्या जिनसांना विचारला होता. मी प्रबंधात लिहिलं, ‘सोहोनी यांनी दाखवलं’ वगैरे. मार्गदर्शकांशी बोलताना आम्ही दोघंही ‘ते सोहोनी’ असंच म्हणत होतो.

ते सोहोनी म्हणजे कमला सोहोनी, हे मला ग्रंथपालबाईंनी सांगितलं. त्यांनी ‘लीलावतीज डॉटर्स’ हे भारतीय विज्ञान अकादमीचं 2008 मधलं पुस्तक काढून दिलं. रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी यांनी संपादित केलेलं. त्यात भारतातल्या स्त्री-वैज्ञानिकांची ओळख आहे, आणि कमलाबाई त्यात आहेत. ग्रंथपालबाईंनी आणखी एक सांगितलं, की या दुर्गाबाई भागवतांच्या बहीण. मी दुर्गाबाई शाळेपासून वाचत आले होते. त्यांच्या घरात अशी जीवरसायनशास्त्रज्ञ होती आणि मला ते त्याच विषयात एम.एस्सी. करूनही माहीत नव्हतं, याचं वाईट वाटलं.

त्यांची हकीगत थोडक्यात सांगते, कारण माझ्या पुढच्या गोष्टीचा धागा त्यात आहे. 1933 साली मुंबई विद्यापीठातून त्या बी.एस्सी. झाल्या, पहिल्या आल्या. वडील आणि काका दोघंही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, म्हणून त्यांनीही तिथेच अर्ज केला. तेव्हाचे संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या थेट तिथे जाऊन ठाण मांडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. वर्षभर उमेदवारीवर राहायचं, काम पसंत पडलं तरच मान्यता. हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. श्रीनिवासय्या नावाचे मार्गदर्शक मात्र चांगले मिळाले. तिथे त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. म्हणजे माझ्या विषयाच्या उंबऱ्यावर त्या तेव्हापासूनच उभ्या होत्या. वर्षभरानं रामन यांचं मत बदललं आणि संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या, फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या विभागात. आधी डेरेक रिश्टर यांच्याबरोबर, मग रॉबिन हिल यांच्याबरोबर. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतीच्या पेशीत सायटोक्रोम सी सापडलं. प्राण्यांच्या पेशी श्वसन करताना ज्या प्रथिनाकडून इलेक्ट्रॉन पुढे देतात, तेच वनस्पतीतही आहे, असा त्याचा अर्थ. 1939 साली पीएच.डी. मिळाली. प्रबंध जेमतेम 40 पानांचा होता. माझा प्रबंध त्याच्या कितीतरी पट जाड होता, आणि त्यातली बरीच पानं कुणी वाचली असतील असं मला वाटत नाही.

परत आल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा. 1947 साली लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. विद्यार्थ्यांना घेऊन डाळी, तांदूळ, नीरा, अशा गरिबाच्या ताटातल्या जिनसांवर त्या काम करत राहिल्या. नीरेच्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचं संचालकपद हक्काचं असूनही बरंच उशिरा मिळालं.

माझ्या आयुष्यात मध्येच लग्न आलं. पीएच.डी. चालू होती. आधार कार्ड, बँक, रेशन कार्ड, सगळीकडे नाव बदललं. आपल्याकडे नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं नावही बदलतं. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर जाऊन नवऱ्याच्या नावाचं येतं. त्यामुळे इंग्रजीत आद्याक्षरं आणि आडनाव असं लिहिलं, की जुन्या नावातलं फक्त एक अक्षर उरतं. त्यात गावंडे हे आडनाव कुणी डब्ल्यू घालून लिहितं, कुणी व्ही घालून. माझ्या एका निबंधात डब्ल्यू आहे, एकात व्ही. तेव्हा त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. पुढचे निबंध कदम नावानं पाठवले, कारण नोकरीचे अर्ज त्या नावानं करायचे होते.

नोकरी लागली, काही वर्षं गेली, पदोन्नतीची वेळ आली. फाईल वरच्या कार्यालयात गेली. छाननीत सांगण्यात आलं, की गावंडे नावाचे निबंध अर्जदाराचे असल्याचा पुरावा नाही, गुण धरता येणार नाहीत. नेमके तेच निबंध माझे सगळ्यात चांगले होते. आणि प्रबंधसुद्धा. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, माझा प्रबंध आहे, पण गावंडे नावानं. मी तोंडी सांगितलं, की त्या गावंडे मीच. समोरचे म्हणाले, बाई, आम्हाला कागद लागतो. त्यांचंही चूक नव्हतं म्हणा. कागदावर त्या दोन वेगळ्या बायका होत्या. त्या रात्री मी घरी कुणाशी धड बोलले नाही. सासूबाईंनी न विचारता चहा करून दिला.

इंटरनेटवर तर आणखी घोळ होता. गुगल स्कॉलरवर कदम नावाच्या खात्यात माझ्याच आद्याक्षरांच्या दुसऱ्या कुणाचे मातीपरीक्षणाचे निबंध आपोआप येऊन बसले होते, आणि माझे जुने निबंध नव्हते. एच-निर्देशांक म्हणून जो आकडा मागतात, तो त्यावरच निघतो. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 साली तो मांडला. ज्याच्या पाच निबंधांना प्रत्येकी किमान पाच वेळा इतरांनी संदर्भ दिला, त्याचा निर्देशांक पाच. हिशेब सोपा आहे, पण निबंध कुणाचे हेच चुकलं तर आकड्याला अर्थ राहत नाही.

याच सुमारास एक एजंट भेटला. म्हणाला, मॅडम, जुने पेपर थोडे इकडे-तिकडे करून नव्या नावानं परत छापून देतो, महिन्याभरात अंक हातात. पैसेही फार नव्हते. हे अजिबात करू नका. आपलंच छापलेलं काम नवं म्हणून परत छापणं हीसुद्धा चोरीच धरतात, आणि असली नियतकालिकं एक दिवस यादीतून उडतात. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2018 मध्ये चार हजारांवर नियतकालिकं मान्यताप्राप्त यादीतून काढून टाकली. त्यात ज्यांचे निबंध होते त्यांचे हाल मी जवळून पाहिले आहेत.

उपयोगी पडलं ते असं. सगळ्यात आधी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. आमच्या लग्नाची नोंदणीच झाली नव्हती. लग्नपत्रिका आणि फोटो चालत नाहीत. गावात असाल तर ग्रामपंचायतीत, शहरात असाल तर नगरपालिकेत नोंदणी होते. साक्षीदार लागतात, आणि सगळ्यांच्या आधार कार्डावरचं नाव अर्जाशी जुळावं लागतं. माझ्या वडिलांच्या नावात एक अक्षर जुळत नव्हतं, ते आधी दुरुस्त करावं लागलं. मग नावबदलाची राजपत्रातली नोंद. अर्ज ऑनलाइन होतो. जुनं नाव अगदी पदवी प्रमाणपत्रावर आहे तसंच घाला, स्पेलिंगसकट. माझ्या राजपत्रात डब्ल्यू छापलं गेलं, आणि व्हीवाल्या निबंधासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. मार्गदर्शकांनीही लेटरहेडवर पत्र दिलं, की अमुक अमुक निबंधांची लेखिका हीच. त्या पत्राचा मला वाटलं त्याहून जास्त उपयोग झाला.

ऑनलाइन बाजूला ओआरसीआयडी. हा सोळा अंकी क्रमांक असतो, 2012 पासून मिळतो, फुकट आहे. त्यात ‘या नावानंही ओळखली जाते’ असा रकाना आहे, तिथे सगळी नावं आणि सगळी स्पेलिंगं टाकता येतात. मग एकेक निबंध त्याला जोडायचा. नाव बदललं, आडनाव बदललं, कॉलेज बदललं, तरी क्रमांक तोच. गुगल स्कॉलरच्या खात्यातून परके निबंध हातानं काढले, आपले हातानं घातले. काही प्रकाशक आता छापून झालेल्या निबंधावरचं लेखकाचं नाव बदलून देतात. मी लिहिलं, एकानं बदललं, एकानं उत्तरच दिलं नाही.

हे सगळं करता करता मला कमलाबाईंची आठवण झाली. मी त्यांचे निबंध सोहोनी नावानं शोधले होते. पण 1947 च्या आधी त्या सोहोनी नव्हत्याच! मग मी भागवत नावानं शोधायला बसले. भागवत आणि रिश्टर, 1938, बायोकेमिकल जर्नल. हिल आणि भागवत, 1939, नेचर, फुलझाडांमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर. भागवत आणि हिल, 1951, न्यू फायटॉलॉजिस्ट. म्हणजे लग्नानंतरही केंब्रिजच्या कामाचा निबंध जुन्याच नावानं निघाला, आणि त्याच दशकात मुंबईचं काम नव्या नावानं. दुर्गाबाईंचं आडनाव इंग्रजीत डब्ल्यूनं लिहिलेलं दिसतं, कमलाबाईंचं निबंधांवर व्हीनं. सोहोनीच्या शेवटी काही जण आय लिहितात, त्या आयई लिहायच्या. एखाद्या मुलीनं आज कॉम्प्युटरवर त्यांचा एच-निर्देशांक काढायचा म्हटलं तर वनस्पतींच्या श्वसनावर काम करणारी एक बाई निघेल आणि डाळींवर काम करणारी दुसरी, आणि दोघींचाही आकडा लहान. मी दोन्ही नावांची एकच यादी करून आमच्या विभागाच्या भिंतीवर लावली. ती पूर्ण नाही, पण एका बाईची आहे.

आणि यादीत येत नाही असंही त्यांचं बरंच काम आहे. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेत त्या उतारवयापर्यंत होत्या, तिच्या अध्यक्षही झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ नावाच्या नियतकालिकात ग्राहकांसाठी लिहायच्या. त्या लेखांना कुठलाच निर्देशांक धरत नाही. 1998 साली त्या गेल्या.

रोधकांचं काम पुढे कुठे गेलं तेही मी या निमित्तानं वाचलं. आमचे अण्णा रब्बीला हरभरा घेतात आणि दरवर्षी घाटेअळीला कंटाळतात. एकदा त्यांनी विचारलं, तू म्हणतेस झाडात पचन अडवणारी द्रव्यं असतात, मग अळीला हरभरा पचतो कसा? याचं उत्तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मिळालेलं आहे. प्रभाकर रांजेकर, विद्या गुप्ता, अशोक गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली प्लांट फिजिओलॉजीत दाखवलं, की घाटेअळीच्या पोटातली विकरं हरभऱ्याचे रोधकच मोडून टाकतात. अळीला त्यांची सवय झालेली असते. पण ज्या झाडांवर ती वाढत नाही त्यांचे रोधक तिला जड जातात. पुढे त्यांनी कारल्याच्या बियांमधले रोधकही तपासले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, फवारणी कधी कमी होईल ते सांग. ते मला सांगता आलं नाही.

फाईल अखेर मंजूर झाली. गावंडेंचे निबंध कदमांच्या खात्यात धरले गेले. व्हीवाला एक निबंध मात्र अजून तसाच आहे. ते नियतकालिक बंद पडलं, आता दुरुस्ती मागायची कुणाकडे?

आमच्याकडे पीएच.डी.ला नाव नोंदवणाऱ्या मुलींना मी पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर ओआरसीआयडी काढायला लावते. शोधनिबंधावर कुठलं नाव घालायचं ते त्यांनी ठरवायचं, माहेरचं, सासरचं की दोन्ही, त्यात मी पडत नाही. पण एक नाव, एक स्पेलिंग, आणि ते पहिल्या निबंधापासून. आधार कार्डावर काहीही असो, निबंधावर तेच ठेवता येतं, त्याला कुठल्या कायद्याची आडकाठी नाही. लग्न झालं की नोंदणी त्याच महिन्यात करून घ्या, साक्षीदार तेव्हा गावातच असतात. आणि सोयाबीन गव्हात मिसळून दळायचं असेल तर आधी उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवून कडक वाळवा, मगच गिरणीत न्या. कोंबड्यांनाही कच्चं घालू नका. आई आता घालत नाही.